सटवाजीची गाण्यांची माळ

ताडकळसात भोंग्याचा बाजा एकच होता, आणि तो सटवाजीकडे होता. पूर्ण्याच्या स्टेशनातले एक गार्डसाहेब निजामाचं राज्य बुडाल्यावर नोकरी सोडून दूर कुठंतरी निघून गेले. सटवाजी त्यांच्या बंगल्यावर तूप पोचवायचा, आणि तूप दिल्यावर खिडकीखाली बसून आतलं गाणं संपेपर्यंत उठायचा नाही. साहेबांनी ते कैक वर्षं पाहिलं होतं. जाताना त्यांनी बाजा, सुयांची डबी आणि तबकड्यांची पेटी त्याच्या गाडीत ठेवली आणि म्हणाले, "संभालो भई, अब ये तुम्हारे."

सटवाजीचं घर तसं साधं. थोडं कोरडवाहू रान, ज्वारी, कापूस, एक गाय. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून आईनं सटवाईला नवस बोलला आणि हा जगला तेव्हा तिचंच नाव त्याला दिलं. बोलायला तो मऊ होता. बाजा आल्यावर लग्नाकार्यात त्याला बोलावणी येऊ लागली. बाजाराच्या दिवशी तो बाजारतळावरच्या लिंबाखाली बाजा मांडायचा आणि लोक भाजीची टोपली डोक्यावर घेऊनच उभे राहायचे.

बाजा यायच्या आधीही गाणी पूर्ण्याच्या सिनेमाच्या तंबूतून, गाडीवानांच्या तोंडून गावात यायची. त्यांची खरी नावं कुणाला ठाऊक नव्हती. बहुतेक गाणी हिंदी, शब्द अर्धेमुर्धे कळायचे. मग लोकांनीच त्यांना नावं ठेवली होती. झुल्याचं गाणं, शिट्टीचं गाणं, रुमालाचं गाणं. सालाला आकडाही नव्हता. फसली साल कचेरीत, इंग्रजी साल शाळेत; गावात साल म्हणजे टोळधाडीचं साल, पटकीचं साल, पूल वाहून गेल्याचं साल. कोणत्या साली कोणतं गाणं सगळ्यांच्या तोंडी होतं, हे मात्र एका माणसाला बिनचूक आठवायचं. ती सटवाजीची बायको, सारजाबाई. ती कापूस वेचता वेचता सांगायची, "झुल्याचं गाणं टोळाच्या सालातलं. तवा धुरपदाआत्याला त्याचं लय याड. चुलीवरची भाकर करपायची."

सटवाजीला यमकं जुळवायची खोड होती. बायकोच्या या आठवणी त्यानं एकेक करून ओवल्या. एका सालाला एक गाणं आणि त्या गाण्याचं याड लागलेलं गावातलं एक माणूस. निजामाचं राज्य बुडवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर गाव सावरलं, दोन पिकं घरात आली, आणि त्या गुढीपाडव्याला संध्याकाळी त्यानं ती सगळी माळ बाजारतळावर पहिल्यांदा म्हटली.

ऐका बाजारकरी हो, बसा घडीभर खाली,
कोण्या साली कोणतं गाणं, सांगतो साला-साली.

पूर्ण्याला आला तंबू, पडदा बोलाय लागला,
शिट्टीच्या त्या गाण्यानं मुंजाजी रात जागला.

टोळांनी खाल्लं रान, काडी उरली न्हाई,
झुल्याच्या गाण्यावर डोले धुरपदाबाई.

पटकीच्या त्या सालात दारं सारी झाकली,
खिडकी एक व्यंकटीनं गाण्यासाठी राखली.

एक कडवं म्हणायचं, मग बाजाला चावी द्यायची आणि त्या सालाची तबकडी लावायची, असा त्याचा रिवाज. तबकडी नसली तर सारजाबाई मागून नुसती चाल गुणगुणायची. मुंजाजी, धुरपदाबाई, व्यंकटी ही सगळी केव्हाच गेलेली माणसं. त्यांची लेकरं, नातवंडं समोर बसली होती. कुणी हसत होतं, कुणी पदरानं डोळे पुसत होतं. मेलेलं माणूस तिथीला आठवतं ते निराळं, आणि त्याच्या आवडीच्या गाण्यात आठवतं ते निराळं. गाव त्या संध्याकाळी नुसतं भिजून गेलं.

शेवटचं कडवं पोलीस ॲक्शनच्या सालाचं होतं. बाजा गावात आला तो त्याच साली. ते म्हणताना त्यानं बाजाला हात लावला नाही.

त्या साली मात्र राजेहो, बाजा राहिला मुका,
कोण गेलं, कोण आलं, मला इचारू नका.

कुणी काही विचारलं नाही. मग मागून बन्सीधरचा आवाज आला. हा गाडीवान, कापसाच्या गाठी पूर्ण्याला पोचवायचा. तो म्हणाला, "सटवाजी, सारी मेलेलीच माणसं का रं घेतलीस? आमी जित्ते हाव की! रुमालाच्या गाण्याचं मला किती येड हाय, सारजावहिनीला इचार."

सगळे हसले. सटवाजीही हसला. "पुढच्या पाडव्याला तुला घालतो," तो म्हणाला.

त्यानं शब्द पाळला.

रुमालाच्या गाण्याला गाडी राही थांबून,
बन्सीधर ऐकतो, बैल बघती लांबून.

बन्सीधरला ते एवढं आवडलं की तो ते कडवं सगळ्या वाटेनं म्हणत जायचा. त्याच पावसाळ्यात पूर्ण्याहून परतताना ओढ्याला अचानक लोंढा आला. बैल दोर तोडून काठाला लागले. गाडी बाभळीत अडकलेली सापडली आणि बन्सीधर पार खाली, वाळूत. गाव हळहळलं. ओढा दरसाल एखादं माणूस घेतोच, असं म्हणून गप्प झालं.

पुढच्या पाडव्याला भाजी विकणाऱ्या तानुबाईची पाळी आली. तिनं स्वतःच सटवाजीच्या मागे लकडा लावला होता.

पैंजणाचं गाणं लागलं, भाजी कोण तोलतं?
तानुबाईचं तागडं हवेमंदी डोलतं.

भुईमुगाच्या काढणीत तानुबाईला पान लागलं; साप वेलांत दडला होता. मांत्रिकाकडे न्यायच्या आधीच तिच्या तोंडाला फेस आला होता. तिच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीत कुणीतरी हळूच म्हणालं, "बन्सीधर बी माळंतलाच की." वाढणाऱ्या बाईचा हात थांबला. "गप बस," शेजारचा म्हणाला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

सटवाजीच्या कानावर ते आलं, तेव्हा त्यानं मनावर घेतलं नाही. साप रानात असतोच, ओढ्याला पूर येतोच. त्याच्या पुढच्या पाडव्याला त्यानं वैजीनाथचं नाव घेतलं. वैजीनाथ म्हणजे कस्तुराबाईचा एकुलता एक लेक, झरीच्या जत्रेत कुस्ती मारून आलेला, गावाचा लाडका. त्याला काय होणार, असं सगळ्यांना वाटलं असावं. सटवाजीलाही.

तालमीच्या मातीत घुमतं गाणं ढोलाचं,
वैजीनाथ शड्डू मारी, काळीज मोठ्या मोलाचं.

ज्वारी कापताना वैजीनाथच्या पायाला विळा लागला. एवढीशी जखम. त्यानं त्यावर माती दाबली आणि दिवसभर काम केलं. आठवड्यानं त्याचा जबडा धरला. मग पाठ कमानीसारखी वाकू लागली. परभणीला नेईपर्यंत धनुर्वातानं त्याचं सगळं अंग लाकूड करून टाकलं होतं. तो पैलवान गडी गाडीत आईच्या मांडीवर गेला.

दिवस-कार्य आटोपल्यावर एका दुपारी कस्तुराबाई सटवाजीच्या दारात येऊन बसली. रडत नव्हती. सारजाबाईनं पाणी आणलं, ते तिनं बाजूला ठेवलं.

"सटवाजी, एक इचारू?"

"इचार की, माय."

"माझ्या लेकराचं नाव तुला कुणी दिलं?"

सटवाजीला खोटं बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "कुणी न्हाई दिलं, माय. ढोलाचं गाणं होतं, त्याला मोलाचं जुळलं. मंग वैजीनाथ आपसूक आला."

"आपसूक," कस्तुराबाई म्हणाली. तिनं तो शब्द दोनदा म्हटला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि थेट आडावर गेली. पाणी शेंदणाऱ्या बायांना तिनं सांगितलं, "त्याचा दोष न्हाई, बायांनो. नाव त्यो आणत न्हाई. नाव येतंय."

ती हे रागानं बोलली असती तर चार दिवसांनी लोक विसरले असते. पण ती शांतपणे बोलली होती.

त्यानंतर गावाचं वागणं बदललं. कुणी सटवाजीला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त लग्नाची बोलावणी थांबली. बाजारात त्यानं बाजा मांडला की आजूबाजूची दुकानं थोडी सरकायची. लोक म्हणायचे, सटवाईचा माणूस आहे, तिनं कपाळावर लिहिलेलं ह्याला वाचता येतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तो दिसला की लोक गुणगुणायचे थांबायचे. मोटेवरचा गडी, शेणी थापणारी बाई, टांगेवाला, कुणीही. आपल्याला कोणतं गाणं आवडतं हे सटवाजीला कळू नये, म्हणून. तो ज्या गल्लीत शिरायचा ती गल्ली मुकी व्हायची. गल्ली ओलांडून गेला की मागे पुन्हा कुणीतरी हळूच सूर धरायचं.

पुढच्या पाडव्याला त्यानं माळ म्हटली नाही. सारजाबाईनं विचारलं तर म्हणाला, "घसा बसलाय."

घसा ठीक होता. त्याला निराळंच काही होत होतं. समोरून माणूस आलं की त्याच्या नावाला जुळणारा शब्द मनात आपोआप उभा राहायचा. रानात, आडावर, देवळात, कुठंही. तो जीभ दाताखाली धरायचा, तोंडानं मारुतीचं नाव घ्यायचा, पण यमक यायचं ते यायचंच. मग तो माणसांकडे बघायचंच टाळू लागला. खाली मान घालून चालायचा. लोक म्हणाले, बघा, ह्याला ठाऊक आहे.

अशात एक दिवस व्यंकटराव त्याच्या घरी आले. गावातले मोठे जमीनदार. ते कधी कुणाच्या दारात जात नसत. सटवाजीनं घाईनं घोंगडी अंथरली.

"बस, बस," व्यंकटराव म्हणाले. "आपल्या चंद्रभानला कोणतं गाणं आवडतं रे?"

चंद्रभान हा त्यांचा चुलतभाऊ. ओढ्याकाठच्या रानावरून आणि त्यातल्या विहिरीवरून दोघांचं कोर्टात चालू होतं. चंद्रभान हट्टी होता आणि धडधाकट होता.

"मला न्हाई ठावं, मालक."

"ठावं करून घे. यंदाचा पाडवा मोकळा जाऊ देऊ नको. लोकांना माळ ऐकायची हाय."

सटवाजीला अर्थ कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं हात जोडले. तो म्हणाला, "मालक, ही करमणूक हाय. मेलेल्यांची आठवण हाय. दुसरं कायबी न्हाई हिच्यात."

"मंग घालायला काय हरकत?" व्यंकटराव हसून म्हणाले.

सटवाजी म्हणाला, "न्हाई घालणार."

व्यंकटराव उठले, जोडा पायात सरकवला आणि तसेच हसत गेले. नंतरच्या बाजारी गावभर एक कडवं फिरलं. कुणी आधी म्हटलं ते कुणालाच सांगता येईना.

ओढ्याकाठच्या रानात गाणं लागलं बेभान,
यंदाच्या माळेमंदी ओवला चंद्रभान.

सटवाजीनं ते ऐकलं आणि मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं. कडवं कुण्या ऐऱ्यागैऱ्याचं वाटत नव्हतं. यमक चोख होतं, चाल त्याचीच होती. त्याला क्षणभर वाटलं, हे आपल्याच तोंडून तर गेलं नाही? झोपेत, रानात, कुठंतरी? त्यानं सारजाबाईला विचारलं, "म्या कधी म्हणलो का हे?"

"येडे का खुळे तुमी?" ती म्हणाली. पण त्या रात्री तो झोपेत बोलतो का, हे ती जागून ऐकत राहिली.

चंद्रभाननं पहिल्या दिवशी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी ओढ्याकडे जायचं टाळलं. मग विळा हातात घेईना, पायात जोडा घालून झोपू लागला, पाणी गाळून पिऊ लागला. पंधरवडाभरात त्यानं अंथरूण धरलं. अन्न गिळेना. वैद्य नाडी बघून म्हणाला, रोग काही नाही. पण माणूस डोळ्यांदेखत वाळत होता.

त्याची बायको कमलबाई सटवाजीच्या पाया पडायला आली. "मामा, तुमी बांधलं ते तुमीच सोडा. माझी लेकरं ल्हान हायती."

"पोरी, म्या बांधलंच न्हाई तर सोडू काय?"

"सारं गाव म्हणायलंय."

"गाव म्हणायलंय, म्या न्हाई."

तिला ते पटलं नाही. सटवाजी तिच्याबरोबरच तिच्या घरी गेला. चंद्रभान भिंतीकडे तोंड करून पडला होता. पावलं ओळखून त्यानं उशीतली सरकी-कापूस उपसला आणि दोन्ही कानांत कोंबला. सटवाजी बोलत राहिला, आणि चंद्रभान डोळे मिटून, दोन्ही हात कानांवर दाबून पडून राहिला. त्याची दंडाची हाडं दिसत होती. शेवटी सटवाजी उठून आला.

घरी आल्यावर तो ओसरीवर बसला. सारजाबाई ज्वारी निवडत होती. निवडता निवडताच ती म्हणाली, "एक सांगा. इतक्या सालांची गाणी म्या आठवून दिली. समद्या माळंत माझं नाव का न्हाई?"

"यमक जुळलं न्हाई."

ती हसली. "बाईला यमक मिळंना? आईपासून गाईपर्यंत सारं जुळतंय. धुरपदाबाईला जुळलं, माझ्याच नावाला काय धाड भरली?"

सटवाजी सुपातले खडे बाजूला करू लागला.

तिनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे तुमाला बी भ्या वाटतंय. तुमी लोकांना सांगायलाव, काय न्हाई, काय न्हाई, आन तुमीच मला बाजूला ठिवलंय. कधीपासून? वैजीनाथपासून? का बन्सीधरपासूनच?"

"तानुबाईपासून," सटवाजी म्हणाला.

"मंग त्या चंद्रभाननं तुमचं का ऐकावं?" ती म्हणाली. "येत्या पाडव्याला माझं नाव घ्या. समद्यांच्या म्होरं घ्या. म्या जगले तर त्यो उठंल."

"आन न्हाई जगलीस तर?"

"आमावस पुनव बघून कोण मरतंय? घ्या म्हणते तर घ्या."

आठ दिवस तो नाही म्हणत राहिला. तिनं त्याला जेवू घातलं, पाणी दिलं, पण त्याच्याशी शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी चंद्रभानच्या घरून रडण्याचा आवाज आला. तो गेला नव्हता, नुसता बेशुद्ध पडला होता. पण ते ऐकून सटवाजी कबूल झाला.

पाडव्याच्या संध्याकाळी बाजारतळ भरला होता, पण लोक जवळ बसले नाहीत. लिंबाभोवती मोठं रिकामं रिंगण सोडून, जायला वाट राहील असे उभे राहिले. कमलबाई पुढे होती. व्यंकटराव खुर्ची टाकून बसले होते. सारजाबाई नवं लुगडं नेसून, कपाळावर मोठं कुंकू लावून बाजाशेजारी बसली.

सटवाजीनं पहिल्यापासून सगळी माळ म्हटली. तंबू, टोळ, पटकी. मुकं साल. मग बन्सीधर. मग तानुबाई. वैजीनाथचं कडवं म्हणताना त्याचा आवाज फुटला. गर्दीत कस्तुराबाई उभी होती. ती हलली नाही. ते कडवं संपल्यावर सटवाजी थांबला. इतका वेळ थांबला की लोक एकमेकांकडे बघू लागले. कमलबाईनं तोंडात पदराचा बोळा घातला.

सारजाबाई हळूच म्हणाली, "म्हणा."

कोणत्या साली कोणतं गाणं, इसरली ती न्हाई,
माळेचा ह्या दोरा म्हंजे माझी सारजाबाई.

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी मोठ्यानं "अगं माय" म्हणाली. सारजाबाई उठली, लोकांनी सोडलेल्या वाटेनं सगळ्या बाजारतळाला फेरी घातली, ओळखीच्या बायांना हाक मारली, आणि घरी जाऊन पुरणाची पोळी खाल्ली. सटवाजी ताटावर बसून तिच्याकडे बघत राहिला.

चंद्रभानला बायकोनं जाऊन सांगितलं. त्यानं कानातला कापूस काढला आणि विचारलं, "माझं नाव?" "न्हाई घेतलं. सारजामामीचं घेतलं." मग त्यानं पेज मागितली.

आता गाव सारजाबाईकडे बघू लागलं. ती आडावर गेली की बाया पोहरा हातातच धरून थांबायच्या. ती खोकली की गल्लीत कुजबूज व्हायची. कमलबाई रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून यायची, कधी विस्तव मागायला, कधी मीठ. सारजाबाईला चालताना बघायची आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगायची. त्या सांगण्यावर चंद्रभान एकेक दिवस उठत होता. आधी बसू लागला, मग अंगणात आला, मृगाला तिफणीमागे उभा राहिला. आपला नवरा दुसऱ्या बाईच्या जिवावर जगतोय, हे कमलबाईला कळत होतं. ती मान वर करून सारजाबाईशी बोलत नसे.

सारजाबाई एकदा चिडून म्हणाली, "ही माणसं मी जगावं म्हणून यायलीत, का कधी मरते ते बघायला?" सटवाजी तिच्या मागे मागे असायचा. ती रानात निघाली की पुढे होऊन काठीनं गवत झोडायचा. तिला विळ्याला हात लावू देईना. ओढ्याला पाणी असलं की तो तिला पलीकडे जाऊच द्यायचा नाही. त्याचे केस त्या पावसाळ्यात पांढरे झाले.

भादव्यात तिला ताप भरला. थंडी वाजून दात वाजू लागले, घोंगड्यांवर घोंगडी टाकली तरी राहीना. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या ताडकळसात गेली होती. लोक दारात आले नाहीत. आपापल्या ओसरीवर बसून वाट बघत राहिले. चंद्रभान औत रानात अर्ध्यातच सोडून घरी आला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला.

सटवाजीनं गाडी जुंपली. चिखलात चाकं रुतत होती. पूर्ण्यापर्यंत गाडीनं आणि तिथून रेल्वेनं तो तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डब्यात तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. कस्तुराबाईच्या मांडीवर वैजीनाथ होता तसंच, हे त्याच्या मनात आलं आणि त्यानं मांडी मोडून तिला बाकावर निजवलं. तापाच्या भरात ती गुणगुणत होती. त्या साली सगळ्यांच्या तोंडी असलेलं, गावानं अजून नाव न ठेवलेलं गाणं. "नको म्हणू," तो म्हणाला. "गप पड." ती थांबली नाही.

डॉक्टरनं हिवताप सांगितला. कोयनेलच्या गोळ्या दिल्या. त्या कडू गोळ्यांनी तिला उलट्या झाल्या, कान गुंगले, पण ताप उतरला. दहा-बारा दिवसांनी दोघं परत आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. सारजाबाई वेशीतच गाडीतून उतरली. काठी झाली होती तिची. पण ती सगळा बाजार चालत ओलांडून घरी गेली. भाजीवालीशी भाव केला. कमलबाई घराकडे धावत सुटली, आणि चंद्रभान पुन्हा उठला तो कायमचा.

त्या संध्याकाळी कस्तुराबाई आली. दारातूनच म्हणाली, "सटवाजी, माझ्या दारात बाजा आण. ढोलाचं गाणं लाव." तो गेला. तबकडी पार झिजली होती, सूर खरखरत होता. तिनं ती दोनदा ऐकली, पदर सावरला आणि आत गेली. पुन्हा ती त्याबद्दल कधी बोलली नाही.

भीती मात्र गावातून गेली नाही. तिनं नुसतं घर बदललं. आता व्यंकटरावांना वाटू लागलं की सटवाजी एक दिवस त्यांचं नाव ओवणार. त्यांनी ओढ्याकाठचा दावा आपणहून मिटवला. पाडवा आला की ते सासुरवाडीला निघून जायचे. सटवाजी वाटेत दिसला तर मोठे मालक असून धुऱ्याला, शेताच्या बांधावर, उतरून उभे राहायचे. सटवाजीनं एकदा हात जोडून सांगितलं, "मालक, म्या आता नाव ओवत न्हाई." व्यंकटराव म्हणाले, "तू न्हाई रे. पण येतं म्हणतात ना."

निजामाचा मुलूख मोडला, गाव मुंबई राज्यात गेलं. ग्रामपंचायतीत रेडिओ आला. सिलोनहून आठवड्याच्या आठवड्याला गाण्यांचे नंबर लागायचे, पहिलं कोणतं, दुसरं कोणतं. लोक कट्ट्यावर दाटी करून बसायचे. सटवाजी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ऐकायचा. तो जवळ आला तर लोक उठतात, हे त्याला माहीत झालं होतं.

चार हिवाळे त्याला खोकला होता. शेवटच्या हिवाळ्यात तो उठला नाही. पासष्टीच्या घरातला माणूस, छाती भरून गेला. गाव म्हणालं, नाव बायकोचं घेतलं होतं. मरण त्या घरात यायचंच होतं, दोघांतलं माणूस चुकलं एवढंच. सारजाबाईच्या कानावर ते गेलं.

पुढचा पाडवा साठ सालचा. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र होणार म्हणून पंचायतीवर रंग लावणं चालू होतं. संध्याकाळी सारजाबाईनं बाजा गाडीत घालून बाजारतळावर आणला. लोक आले. मेलेल्या माणसाचं काय भ्यायचं, असं म्हणून या खेपेला जवळ बसले. तिनं सगळी माळ त्याच्याच चालीत म्हटली, स्वतःचं कडवंसुद्धा. शेवटचं कडवं तिनं रचलं होतं.

सटवाजीचं मनगट गेलं चावी देऊन झिजून,
भ्यालं गाव त्याला, तरी सुरात गेलं भिजून.

चंद्रभान पहिल्या रांगेत होता. तो मुंडासं डोळ्यांना लावून रडला. बरेच जण रडले. मग सगळं शांत झाल्यावर कमलबाईनं भीत भीत विचारलं, "मामी, आता म्होरलं कडवं कुणाचं?"

सारजाबाई बाजाचं झाकण लावत होती. ती म्हणाली, "म्या कुणाचं घेणार न्हाई. ज्याला माळंत यायचं हाय, त्यानं माझ्या दारात यावं, आपलं गाणं सांगावं आन आपल्या तोंडानं नाव घालायला सांगावं."

लोकांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, असं कुणीतरी म्हणालं. मग एकेक जण उठून घराकडे गेला. त्या साली तिच्या दारात कुणी आलं नाही. नंतरही नाही.